हिरवी रेघ कुणाच्या खात्यावर? सदोष मॉनिटर परत करताना

सर, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर संदर्भ लागेल. तुम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहता. मुलगी बेळगावात इंजिनीअरिंगला आहे. तिच्यासाठी २४ इंची मॉनिटर ऑनलाइन मागवला. तिसऱ्या दिवशी पडद्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी उभी रेघ आली. विकणारा म्हणतो कंपनीशी बोला. कंपनीनं हुबळीहून माणूस पाठवला. त्यानं पाच मिनिटं बघितलं, ‘तुमच्याकडं लाईट कमी-जास्त होते, त्यामुळं झालंय, हे वॉरंटीत बसत नाही’ असं तोंडी सांगितलं आणि गेला. परत करायची मुदत १० दिवसांची, आज आठवा दिवस.

आधी आजचं काम. बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल. ज्या ॲपवरून मॉनिटर घेतला त्यात जाऊन परत करण्याची विनंती आज रात्रीच टाका. कारण विचारलं की ‘सदोष वस्तू’ हेच निवडा. ‘आवडला नाही’, ‘आता गरज नाही’ असलं चुकूनही नको, कारण त्या कारणांना बहुतेक ठिकाणी परतीची सोयच नसते. ॲप विनंती घेत नसेल तर त्या पडद्याचा फोटो काढा आणि त्यांच्या तक्रारीच्या ईमेलवर आजच्या तारखेची मेल टाका. कंपनीशी बोलणं चालू आहे म्हणून थांबू नका. कंपनीशी बोलायला वॉरंटीची तीन वर्षं आहेत. ही मुदत परवा संपते.

गेली २२ वर्षं मी बेळगावात मॉनिटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, आणि माझ्याकडं येणारी निम्मी माणसं इथंच फसलेली असतात. परतीची मुदत आणि वॉरंटी हे दोन वेगळे दरवाजे आहेत. पहिल्या दरवाजातून नवी वस्तू किंवा पैसे परत मिळतात. दुसऱ्यातून दुरुस्ती मिळते. पहिला दरवाजा सात-दहा दिवसांत बंद होतो, आणि आपण नेमके ते दिवस दुसऱ्या दरवाजासमोर उभं राहून घालवतो. काही वर्षांपूर्वी निपाणीचे एक गृहस्थ, तंबाखूच्या वखारीत हिशेब बघणारे, असाच प्रश्न घेऊन आले होते. मी त्यांना म्हटलं, चार दिवस थांबा, केबल बदलून बघू. त्या चार दिवसांत मुदत गेली. पुढं वॉरंटीत काम झालं, पण आत बसवून आलेलं पॅनेल दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेलं होतं, एका कोपऱ्यात पिवळसर झाक असलेलं. नव्या मालाचे पैसे भरून त्यांना तो मॉनिटर वापरावा लागला, आणि तो सल्ला माझा होता. ते मला आजही लागतं. तेव्हापासून मी आधी तारीख विचारतो, मग मॉनिटर बघतो.

आता रेघ कुणाची, ते ठरवू. हे घरी, कुठलंही अवजार न घेता, दहा मिनिटांत होतं, आणि कस्टमर केअरशी बोलायच्या आधी ते तुम्हाला स्वतःला ठाऊक असायला हवं. नाहीतर समोरचा जे सांगेल ते ऐकून घ्यावं लागतं.

रेघ दिसत असताना कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाईलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्ये रेघ असेल तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला, ग्राफिक्समध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर कॉम्प्युटर त्याच्या जागी बरोबर चित्र बनवतोय. मग मॉनिटरच्या खालच्या किंवा मागच्या बटणानं त्याचा स्वतःचा मेनू उघडा, ज्यात उजेड आणि रंग कमी-जास्त करता येतात. हा मेनू कॉम्प्युटरकडून येत नाही, मॉनिटर तो आतल्या आत तयार करतो. मेनू सरकवून रेघेच्या जागी आणा, बऱ्याच मॉनिटरमध्ये तशी सोय असते. हिरवी रेघ मेनूच्या अंगावरूनही जात असेल तर केबल, कॉम्प्युटर, मुलीचा लॅपटॉप, सगळे सुटले. शेवटी एचडीएमआय केबल मॉनिटरमधून पूर्ण काढा आणि मॉनिटर चालू करा. ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाची पाटी येईल. तिथंही रेघ असेल तर आता वाद घालायला काही उरलं नाही. त्या डब्यात फक्त वीज जातेय आणि रेघ तो स्वतः काढतोय.

उभी एकटी रेघ का येते, तेही सांगतो, कारण हेच उत्तर तुम्हाला त्या इंजिनीअरला द्यायचं आहे. फुल एचडी पडद्यावर आडव्या दिशेनं १९२० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे. म्हणजे वरून खाली जाणाऱ्या ५७६० वाटा झाल्या. काचेच्या कडेला केसापेक्षा बारीक तारा असलेल्या पातळ फिती चिकटवलेल्या असतात, त्यांच्यातून या वाटांना सिग्नल मिळतो. कारखान्यात ती चिकटवण कच्ची राहिली, किंवा वाहतुकीत खोकं आपटून फितीला ताण बसला, की त्यातली एखादी वाट सुटते. एकच हिरवी रेघ म्हणजे ५७६० पैकी एका हिरव्या वाटेचा संपर्क गेलेला. माझ्याकडं असे मॉनिटर येतात तेव्हा कडेच्या पट्टीवर बोटानं अगदी हलका दाब दिला तर कधी कधी रेघ क्षणभर नाहीशी होते आणि बोट उचललं की परत येते. तुम्ही हे करू नका. दाब जास्त झाला तर काच जाते आणि मग दोष खरोखरच तुमचा ठरतो.

लाईटमुळं असं होत नाही का? आपल्याकडं लाईटचा त्रास खरा आहे. पावसाळ्यात झाडं पडून तारा तुटतात, वळिवाच्या विजेत सामान जळतं, हे मी नाकारत नाही. पण व्होल्टेजनं जे बिघडतं त्याची तऱ्हा वेगळी असते. आधी अडॅप्टर जातो, नाहीतर आतलं पॉवर बोर्ड. मॉनिटर चालूच होत नाही, चालू होऊन बंद पडतो, मागचा उजेड फडफडतो, किंवा पोर्ट जळून सिग्नल घेईनासा होतो. ५७६० वाटांतून नेम धरून एकच वाट मारायची आणि बाकी चित्र लख्ख ठेवायचं, हे व्होल्टेजचं काम नव्हे. आणि तुमच्या अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल. मग हेस्कॉमची, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीची, लाईट संध्याकाळी १७० वर उतरली तरी ती कंपनीनं स्वतः मान्य केलेल्या हद्दीतच आहे. या लेबलचा फोटो काढून ठेवा. या एका फोटोनं माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांची ‘व्होल्टेज’ची सबब मोडली आहे.

हे सगळं करताना मोबाईलवर व्हिडिओ घ्या, आणि तो न तोडता सलग घ्या. सुरुवात मॉनिटरच्या मागच्या सिरियल नंबरनं करा, मग समोर या, रेघ दाखवा, मेनू उघडा, केबल काढून हातात धरून दाखवा, पाटीवर रेघ दाखवा. दोन मिनिटांत होतं. मध्ये तोडला तर ‘हा दुसराच मॉनिटर’ म्हणायला जागा राहते. खोलीतला दिवा चालू राहू द्या. काचेवर तडा नाही, कोळ्याच्या जाळ्यासारखं फुटलेलं नाही, शाई सांडल्यासारखा काळा डाग नाही, हे तिरक्या उजेडात दाखवा. कारण पुढचा शब्द ‘फिजिकल डॅमेज’ येतो, आणि तो एकदा त्यांच्या संगणकात चढला की उतरवायला महिने लागतात.

आता त्या हुबळीच्या माणसाबद्दल. तो वाईट नसतो हो. दिवसाला ठरावीक घरं करायची असतात, बस पकडायची असते, पॅनेल मंजूर करायचा अधिकार त्याच्या हातात नसतो. तुम्ही त्याच्याशी भांडून काही मिळत नाही. त्याच्याकडून एकच गोष्ट घ्यायची, जॉबशीट. कंपनीच्या माणसानं भेट दिली की काय बघितलं, काय दोष आढळला, काय निष्कर्ष, हे त्यानं लिहून सही करून द्यायचं असतं, कागदावर नाहीतर मोबाईलवर. तोंडी ‘व्होल्टेज’ म्हणणारा माणूस लिहायची वेळ आली की बदलतो. कारण लिहिताना त्याला मीटर लावून आकडा टाकावा लागतो, आणि त्यानं मीटर काढलेलंच नसतं. बहुतेकदा तो मग ‘पॅनेलमध्ये उभी रेघ, बदलणे आवश्यक’ एवढंच लिहितो, आणि ते खरंही असतं. आपल्याकडं हा माणूस कन्नड बोलणारा असणार, तेव्हा दोनच शब्द पाठ करून ठेवा, ‘बरदु कोड्री’, म्हणजे लिहून द्या. आवाज न चढवता, चहा पुढं करत म्हणा. मी हे दोन शब्द गेली कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना शिकवतोय. भाषेवरून तिथं वाद काढू नका. त्या दहा मिनिटांत आपल्याला मॉनिटरचं काम करून घ्यायचं आहे.

तुमच्या बाबतीत तो न लिहिता गेलाय. तर कंपनीला मेल करा, अमुक तारखेला अमुक तक्रार क्रमांकावर तुमचा प्रतिनिधी आला होता, त्यानं कोणतंही मोजमाप न करता तोंडी कारण सांगितलं, जॉबशीट दिलेली नाही, ती पाठवा किंवा पुन्हा तपासणी करा. या मेलला ते उत्तर देतील तेच तुमचं जॉबशीट.

फोनवर बोलायला माझी हरकत नाही, पण फोन ठेवल्यावर लगेच दोन ओळींची मेल गेली पाहिजे, ‘आत्ता झालेल्या बोलण्याप्रमाणे तुम्ही असं सांगितलं’. सगळं बोलणं हवेत राहतं, हेच कस्टमर केअरमधलं खरं दुखणं आहे. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि दर वेळी ‘४८ तासांत कळवतो’. मेलमध्ये ऑर्डर क्रमांक, बिल क्रमांक, सिरियल नंबर, माल हातात आल्याची तारीख, दोष दिसल्याची तारीख, केलेल्या तीन तपासण्या आणि शेवटी मागणी, एवढंच असू द्या. मागणी एकच ठेवा. ‘बदलून द्या किंवा पैसे द्या किंवा दुरुस्त करा’ असं लिहिलं की ते त्यांना स्वस्त पडणारं निवडतात. मुदतीच्या आत असताना मी तरी पैसे परत किंवा सीलबंद नवा नग, यातलं एक निवडून मागायला सांगतो. मनस्ताप, मुलीची परीक्षा, हे मेलमध्ये नको. ते खरं आहे, पण वाचणारा त्यात सिरियल नंबर शोधत बसतो.

विकणारा ‘कंपनीकडं जा’ म्हणतो, त्याला कायद्याचा आधार नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. त्यात स्पष्ट आहे की ऑनलाइन विकणाऱ्याला सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. विक्रीच्या संकेतस्थळानं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क दाखवायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा, हेही त्यात आहे. त्या अधिकाऱ्याचा पत्ता संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात सापडतो. तुमची दुसरी मेल थेट त्याला गेली पाहिजे. साध्या चॅटवर आठ दिवस फिरवणारी मंडळी या पत्त्यावर मेल गेली की बऱ्याचदा दोन दिवसांत फोन करतात.

दुकानातून घेणाऱ्यांसाठीही सांगतो. आपल्याकडं अनेक बिलांवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असतं आणि माणसं ते वाचून गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. बिलावर परतीची मुदत दिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. मात्र बिल पक्कं हवं. हजार-दोन हजार वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मॉनिटरसाठी मी काही करू शकत नाही, फार वाईट वाटतं सांगायला. बिल नसेल तर कंपनी बऱ्याचदा वॉरंटी मॉनिटर बनल्याच्या तारखेपासून मोजते, आणि तो गोदामात पाच-सहा महिने पडून असला तर तेवढी वॉरंटी आपल्या हातात येण्याआधीच खर्च झालेली असते.

आता आपल्या सीमेवरच्या भागाची खास अडचण. सर्व्हिस सेंटर कुणाला कुठलं मिळणार, हे अंतरावर ठरत नाही, पिनकोडवर ठरतं. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर ४० किलोमीटरवर आहे, पण त्याचा पिनकोड कर्नाटकातला, म्हणून तक्रार बेळगावला किंवा हुबळीला जाते. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ, बाजाररहाट सगळी इथं, पण त्याची तक्रार कोल्हापूरला पडते. यात चार-चार दिवस फुकट जातात. तक्रार नोंदवतानाच सांगा, मी स्वतः मॉनिटर अमुक सेंटरला आणून देईन, तिथं नोंदवा. बऱ्याच कंपन्या हे ऐकतात, कारण त्यांचा येण्याजाण्याचा खर्च वाचतो. तुमच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे. मुलगी बेळगावात राहते, तर पुढची भेट तिच्या खोलीच्या पत्त्यावर मागा. जांबोटीला यायचं म्हटलं की पावसाळ्यात माणूस टाळाटाळ करतो, बेळगावात त्याची रोज चक्कर असते. आणि पत्त्यात बेळगाव लिहिलं काय, बेळगावी लिहिलं काय, कुरिअरवाला पिनकोड बघतो. पण बिलावरचं नाव आणि तक्रारीतलं नाव मात्र एकच ठेवा.

कंपनी आणि विकणारा, दोघांनी हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. सकाळी ८ ते रात्री ८, आणि मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. ही हेल्पलाईन न्यायालय नव्हे. ती तुमची तक्रार कंपनीच्या ठरलेल्या माणसाकडं पोचवते आणि उत्तर मागते. तरीही माझा अनुभव चांगला आहे. तयार कागद हातात असले की काम होतं, नुसतं ‘मॉनिटर खराब आहे’ म्हटलं की तेही काही करू शकत नाहीत.

त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. विकणाऱ्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक २७ नं सुरू होतो, म्हणजे माल महाराष्ट्रातून आला, मग तक्रार तिकडं करायची का, असं मला नेहमी विचारतात. नाही. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. तुमच्यासाठी बेळगाव. चंदगडचा माणूस कोल्हापूरला करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो. आधी स्पीड पोस्टानं एक नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत देऊन. कायद्यानं ती अटळ नाही, पण निम्मी प्रकरणं त्या पाकिटावरच मिटतात. १०-१२ हजारांच्या मॉनिटरसाठी आयोगात जावं का? मी प्रत्येकाला जा म्हणत नाही. वेळ लागतो. ज्याचे कागद पक्के आहेत आणि ज्याला समोरच्यानं उघड खोटं सांगून परतवलंय, त्यानं जरूर जावं.

वडगावच्या एका विणकराच्या मुलाचं सांगतो. तो साड्यांच्या काठांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढून मागवाल्यांना देतो, स्वतः एकटाच. त्यानं २७ इंची मॉनिटर जीएसटी क्रमांक टाकून घेतला, कराची वजावट मिळावी म्हणून. दोन महिन्यांत पडद्याचा खालचा तिसरा हिस्सा लालसर झाला. लाल काठ आणि किरमिजी काठ यातला फरक त्याला दिसेना, त्याचं काम थांबलं. कंपनीनं लिहून दिलं की माल धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहक ठरत नाही. हे उत्तर अर्धवट आहे. धंद्याच्या नफ्यासाठी घेतलेला माल कायद्यातून वगळलेला आहे खरा, पण त्याच व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. आम्ही त्याच्या नोटिशीत तेच वाक्य घातलं, सोबत तो एकटा काम करतो हे दाखवणारी त्याची बिलं जोडली. तिसऱ्या आठवड्यात नवा मॉनिटर आला. खोकं उघडल्यावर त्यानं पहिल्यांदा एक साडीचा काठ पडद्याला लावून धरला आणि रंग जुळतो का ते बघितलं. डीटीपीवाले, शिकवणीवाले, फोटोवाले, सगळ्यांनी हे ध्यानात ठेवा.

सगळ्या तक्रारी टिकतात असं मात्र नाही, तेही सांगायला हवं. एखादा ठिपका कायम काळा किंवा कायम पेटलेला असेल तर त्यावर कंपनी सहसा बदलून देत नाही. फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात, आणि किती खराब चालतील याचा आकडा बऱ्याच कंपन्यांनी आपल्या वॉरंटीच्या अटीत दिलेला असतो. तो वाचा, पडदा पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असा एकेका रंगानं भरून ठिपके मोजा, मगच फोन करा. पण परतीच्या १० दिवसांत एक ठिपकाही नजरेत खुपत असेल तर विकणाऱ्याकडं विनंती टाकायला काय हरकत आहे. अंधारात कोपऱ्यातून उजेड झिरपतो अशी तक्रारही फार येते. डोकं बाजूला नेल्यावर तो उजेड हलत-बदलत असेल तर तो त्या जातीच्या पॅनेलचा स्वभाव आहे. जागचा हलत नसेल तर चौकट घट्ट बसल्याचा दोष. आणि खानापूर भागात पावसात एक वेगळंच होतं. उजेडाच्या ओढीनं बारीक किडा काचेच्या आतल्या थरात शिरतो. तो चिरडू नका. मॉनिटर बंद करा, शेजारी दिवा लावून ठेवा, बऱ्याचदा तो आपणहून बाहेर पडतो. आत मेला तर तो डाग कायमचा, आणि कंपनी त्याची जबाबदारी सहसा घेत नाही.

कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बिलावरचा, खोक्यावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचाच घ्या. खोटे नंबर लावून बसलेले लोक ‘रिफंड देतो’ म्हणून मोबाईलमध्ये एक ॲप घालायला लावतात आणि खातं रिकामं करतात. पैसे परत मिळवायला फोनवर कुणाला ओटीपी सांगावा लागत नाही. तसं काही घडलंच तर ताबडतोब १९३० ला फोन करा, एक तासही घालवू नका.

बदली मॉनिटर मंजूर झाला तर पिकअपची तयारी नीट करा. मूळ खोकं आणि आतले थर्माकोलचे दोन्ही साचे लागतात. बऱ्याच घरांत थर्माकोल गणपतीच्या मखरासाठी कापलेला असतो, म्हणून मी सांगतो, निदान परतीची मुदत संपेपर्यंत तरी खोक्याला हात लावू नका. अडॅप्टर, केबल, स्टँड, स्क्रू, कागद, सगळं आत घालून व्हिडिओ घेतच चिकटपट्टी लावा. खोकं उभंच ठेवा, बसमध्ये, गाडीवर, कुठंही काच आडवी झोपवू नका. पिकअपवाला सिरियल नंबर जुळवून पोच देतो ती घ्या, आणि पोच नाही तर खोकं नाही. हप्त्यांवर घेतलं असेल तर पैसे परत जमा झाल्याचं दिसेपर्यंत हप्ता चुकवू नका.

नवा नग आला की डिलिव्हरीवाल्यासमोर खोक्याचे चारही कोपरे बघा, उघडताना व्हिडिओ घ्या, आणि त्याच दिवशी पाचही रंग लावून पडदा तपासा. नवा सिरियल नंबर जॉबशीटवर किंवा कंपनीच्या मेलमध्ये आला का ते बघा. तो जुनाच राहिला तर वर्षभरानं तुमच्या मॉनिटरची वॉरंटी त्यांच्या संगणकात दुसऱ्याच कुठल्यातरी परत गेलेल्या डब्याला जोडलेली निघते.